तुरीच्या गावातला पानओवा

पौष लागला की दुधनीच्या मार्केट यार्डात नव्या तुरीची पोती उतरायला लागतात. अक्कलकोट तालुक्यातलं हे गाव मुंबई-चेन्नई लोहमार्गावर, सोलापूर आणि कलबुर्गी यांच्या मधे आहे. गाडी जरा पुढे गेली की कर्नाटक. सीमेपलीकडच्या कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं; अलीकडच्या या पट्ट्यातही तीच काळी माती, तेवढाच बेताचा पाऊस आणि तेच पीक. दुधनीची बाजार समिती तूर, मूग, उडीद, हरभरा यांच्या व्यापारावर उभी आहे. साहजिकच इथल्या ताटात डाळ नसेल असा दिवस विरळा. ज्वारीची भाकरी, डाळीचं कालवण, शेंगाचटणी, वर कच्चा कांदा. पोटाला भरपूर काम देणारं जेवण.

त्यात मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. सोलापूर, धाराशिव, लातूरच्या सीमाभागात घरंच्या घरं त्या दिवशी शेतात जेवायला जातात. पानात आंबील असते आणि भज्जी असते. भज्जी म्हणजे तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, हाताशी येतील त्या पालेभाज्या आणि वर बेसन, असं सगळं एकत्र शिजवलेलं घट्ट कालवण. चवीला तिला तोड नाही आणि आग्रहही भरपूर असतो. रात्री मात्र घरोघरी पोटं गच्च होतात. मग कुणीतरी अंगणातल्या कुंडीकडे जातं आणि चार जाडसर, लवदार पानं खुडून आणतं. हा पानओवा. कन्नडमध्ये त्याला दोड्डपत्रे म्हणतात. दुधनीत दोन्ही भाषा चालत असल्याने इथे दोन्ही नावांनी मागितला तरी मिळतो.

त्या पानाने पोटात नेमकं काय होतं, हे समजून घ्यायचं तर आधी डाळीकडे जावं लागतं.

डाळी-कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅचिओज, व्हर्बॅस्कोज अशा काही शर्करा असतात. त्या फोडायला लागणारं अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. कुणाचं पोट कमजोर म्हणून नव्हे, पैलवानाच्याही आतड्यात ते नसतं. त्यामुळे या शर्करा न पचता पुढे सरकतात आणि काही तासांनी मोठ्या आतड्यात पोचतात. तिथे राहणारे कोट्यवधी जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात, आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. दुपारी जेवलेल्या भज्जीचा गुबारा संध्याकाळनंतर धरतो तो यामुळे. या तिन्ही वायूंना वास नसतो. वास येतो तो अगदी अल्प प्रमाणातल्या गंधकयुक्त वायूंचा.

निरोगी माणसाच्या शरीरातून दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर वायू बाहेर पडतो. हा आकडा ऐकून बहुतेकांना संकोचल्यासारखं होतं, पण तो आजार नाही. संशोधकांना आढळलेली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सतत पोट फुगल्याची तक्रार करणाऱ्या अनेकांच्या पोटात वायू इतरांपेक्षा फारसा जास्त नसतो. त्यांचं आतडं तेवढ्याच वायूने दुखतं, कारण ते अधिक संवेदनशील असतं, किंवा आतड्याचे स्नायू एखाद्या जागी आवळले जाऊन वायू तिथेच अडकतो. ‘मला गॅसेस फार होतात’ या वाक्यात म्हणजे दोन वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. वायू फार तयार होणं ही एक, आणि झालेला वायू नीट पुढे न सरकणं ही दुसरी.

पहिल्या तक्रारीवर पानओवा फारसं काही करत नाही. तिचा इलाज स्वयंपाकघरात, पातेल्यातच करावा लागतो. डाळ किंवा कडधान्य रात्री भिजवायचं आणि ते पाणी फेकून द्यायचं, कारण त्या शर्करा पाण्यात विरघळतात. मोड आणले तर दाणा उगवताना त्यांतल्या बऱ्याच स्वतःच वापरून टाकतो; हुलग्या-मटकीला मोड आणण्याची चाल निव्वळ चवीसाठी पडलेली नाही. आणखी एक उपाय संयमाचा आहे. एरवी डाळ कमी खाणाऱ्याने एका दिवशी तीन वाट्या चापल्या तर त्रास होणारच. थोडी थोडी रोज खाल्ली तर आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती काही आठवड्यांत बदलते आणि तक्रार कमी होते. शहरात नोकरीला गेलेली मुलं सणाला गावी येऊन दोन दिवसांत आडवी होतात आणि त्याच ताटावर जेवलेले आजोबा खुशाल फिरत असतात, त्यामागे वयाची नव्हे, सरावाची गोष्ट असते.

पानओव्याचं क्षेत्र दुसऱ्या तक्रारीचं.

आधी झाडाची ओळख पटवून घेऊ, कारण गोंधळ इथेच होतो. मसाल्याच्या डब्यातला ओवा, म्हणजे त्या बारीक राखट-तपकिरी बिया, वेगळ्या झाडाच्या. ते झाड कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांच्या कुळातलं. शेपूसारखी चिरलेली पानं, छत्रीसारखे पांढरे तुरे, आणि बी धरलं की वाळून जाणारं हंगामी पीक. राजस्थान आणि गुजरातेत ते मोठ्या प्रमाणावर होतं. कुंडीतला पानओवा तुळस-पुदिन्याच्या कुळातला. शास्त्रीय नाव कोलियस अँबॉइनिकस. इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरून हे नाव पडलं असलं तरी या झाडाचं मूळ घर आफ्रिकेच्या पूर्व-दक्षिण भागात आणि अरबस्तानाकडे मानतात. तिथून ते जगभर गेलं. कॅरिबियन बेटांवर ते मांसात भरतात. सुमात्रातल्या बातक समाजात बाळंतिणीला दूध यावं म्हणून त्याचं सूप महिनाभर देतात. आपल्याकडे बाळंतिणीला ओवा आणि बाळंतशेपा देतात. इतक्या लांबच्या माणसांनी बाळंतिणीच्या ताटात त्याच तऱ्हेची उग्र वनस्पती ठेवावी, याचं मला कायम कुतूहल वाटत आलं आहे.

दोन वेगळ्या कुळांतल्या या झाडांचा वास मात्र एकच, कारण त्यांच्या तेलात थायमॉल आणि कार्व्हॅक्रॉल हे एकमेकांचे जवळचे रेणू असतात. ओव्याच्या बियांत थायमॉलचा वरचष्मा, पानओव्यात बहुतेकदा कार्व्हॅक्रॉलचा. झाड कुठलं आणि माती कोणती यावर प्रमाण बदलतं.

खरा धोका तिसऱ्याच झाडाचा आहे. पानफुटी नावाची जाड पानांची वनस्पती अनेक कुंड्यांत असते. तिच्याही पानांना पानओव्यासारखी दातेरी कड असते, आणि पाथरचट्टा, पाषाणभेद अशी नावं या दोन्ही झाडांना सर्रास लावली जातात. पानफुटीत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. ती चरून गुरं मेल्याच्या नोंदी आहेत. ओळखायची खूण सोपी आहे. पानओव्याचं पान मखमली लवेचं असतं आणि बोटांत चुरडलं की ओव्याचा झणझणीत वास येतो. पानफुटीचं पान गुळगुळीत असतं, त्याला तो वास नसतो आणि जमिनीवर पडलं तर कडेच्या खाचांतून नवी रोपं फुटतात. वास आला नाही तर ते पान तोंडात घालू नये.

आता त्या वासाचं पोटात काय होतं ते पाहू. २००५ साली कराचीच्या आगा खान विद्यापीठातल्या संशोधकांनी सशाच्या आतड्याच्या तुकड्यावर ओव्याच्या बियांचा अर्क वापरून पाहिला. आवळणारं आतडं सैल पडलं. स्नायूला आकसायला कॅल्शियम पेशीत शिरावं लागतं. अर्काने ती वाट अडवली, असा त्यांचा निष्कर्ष होता. सैल झालेल्या आतड्यात अडकलेला वायू पुढे सरकतो, ढेकर येतो किंवा खालून वाट मिळते, आणि माणूस ‘हुश्श’ म्हणतो. आयुर्वेदाने ओव्याला वातानुलोमक म्हटलं आहे, म्हणजे वाताला त्याच्या योग्य दिशेने नेणारा. प्रयोगशाळेतलं निरीक्षण आणि हे वर्णन इतकं जवळ येणं नेहमी घडत नाही.

पण सशाच्या आतड्याचा तुकडा म्हणजे दुधनीतला माणूस नव्हे. माणसांवरच्या चांगल्या, मोठ्या चाचण्या पानओव्याच्या नाहीत, त्याच्याच कुळातल्या पुदिन्याच्या आहेत. पेपरमिंट तेलाच्या कॅप्सुला, ज्या जठरात न फुटता आतड्यात जाऊन फुटतात, त्यांनी चिडलेल्या आतड्याच्या विकारात दुखणं कमी होतं असं अनेक चाचण्यांत दिसलं. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत पेपरमिंटचा समावेश आहे. तिथेही कॅल्शियमची वाट अडवणारा मेन्थॉलच काम करतो. मात्र मंडईत जुडीने मिळणारा पुदिना बहुधा वेगळ्या जातीचा असतो आणि त्यात मेन्थॉल फारच कमी. म्हणून कॅप्सुलेचा गुण चटणीला चिकटवू नये. पानओव्याबद्दलही तेवढीच सावधगिरी हवी. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, यंत्रणा पटण्याजोगी आहे, पुरावा अजून कच्चा आहे.

आणि पान वेगळं, पानातून काढलेलं द्रव्य वेगळं. ओव्यातून निघणाऱ्या थायमॉलच्या स्फटिकांना बाजारात ओव्याचं फूल म्हणतात. ओव्याचं फूल, पेपरमिंटचं फूल आणि कापूर असे तीन कोरडे पदार्थ एका बाटलीत घातले की थोड्या वेळात आपोआप त्यांचं पाणी होतं. हीच अमृतधारा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाहोरमध्ये हे औषध बाटलीबंद झालं आणि घराघरांत पोचलं. मात्रा दोन-तीन थेंबांची, तीही पाण्यात किंवा बत्ताशावर. ती थेंबात मोजतात यामागे कारण आहे आणि ते कारण अमेरिकेच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतं.

१९०९ साली अमेरिकेतले तेलसम्राट रॉकफेलर यांनी दहा लाख डॉलर देऊन अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत अंकुशकृमीविरुद्ध मोहीम सुरू केली. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या तळपायांतून हे जंत शरीरात शिरायचे आणि आतड्यात बसून रक्त प्यायचे. त्यावरचं त्या काळचं औषध म्हणजे थायमॉल. भारतातला ओवा तेव्हा थायमॉल काढण्यासाठी जर्मनीला जात असे. १९१४ साली महायुद्ध पेटलं आणि तो व्यापार तुटल्यावर जगात थायमॉलची टंचाई झाली. या मोहिमेत रोग्याला आदल्या रात्री जुलाबाचं मीठ, सकाळी थायमॉल, मग पुन्हा जुलाब दिला जाई. त्या दिवशी तेल, तूप, लोणी आणि दारू यांना सक्त बंदी असे. थायमॉल स्निग्ध पदार्थात आणि दारूत विरघळतं, रक्तात शिरतं आणि तिथे विषासारखं वागतं. जंत मारायला पुरेल एवढं थायमॉल माणसाला मारायच्या फार अलीकडे नसतं. पुढे त्याहून सुरक्षित औषधं आली आणि थायमॉल मागे पडलं. आज जंतांवर अल्बेंडाझोलची गोळी असताना मुलाला मूठभर ओवा चावायला लावण्यात काही अर्थ नाही.

कुंडीतल्या दोन-तीन पानांत हे द्रव्य इतकं थोडं असतं की ती भीती नाही. समाजमाध्यमांवरचे काही शूर लोक मात्र ओव्याचं शुद्ध तेल चमच्याने प्यायला सांगतात. त्यांचं ऐकू नये.

पान कसं घ्यावं याच्या रीती घरागणिक वेगळ्या. सर्वात साधी म्हणजे जेवणानंतर पोट जड वाटलं तर एक-दोन पानं धुऊन, कणभर सैंधव लावून चावून खाणं. जीभ थोडी चुरचुरते, तोंडाला पाणी सुटतं, मिनिटभराने ढेकर येतो. कुणाला कच्च्या पानाचा उग्रपणा सोसत नसेल तर तीन-चार पानं तुकडे करून कपभर उकळत्या पाण्यात घालावीत, झाकण ठेवावं आणि पाच मिनिटांनी कोमट प्यावं. झाकण महत्त्वाचं, कारण उडून जाणारं तेल हेच तर औषध. खळखळा उकळून निम्मं आटवलेल्या काढ्याने घरभर सुंदर वास सुटतो, म्हणजे पोटात जायचं ते हवेत गेलेलं असतं.

माझी आवड ताकाची. पानं तव्यावर थेंबभर तुपात परतून, जिरं आणि किसलेल्या ओल्या नारळाबरोबर वाटायची आणि ताकात कालवायची. किनारपट्टीच्या आणि मलनाडच्या कर्नाटकात याला तंबुळी म्हणतात आणि उन्हाळ्यात भातावर घेतात. नारळ दुधनीच्या बाजूला कमी चालतो. त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे घातले तर चव सोलापुरी होते आणि भाकरीबरोबरही जाते.

भज्यांविषयी लिहायलाच हवं, कारण महाराष्ट्रात पानओवा बहुतेकांना भज्यांपुरताच माहीत असतो. हरभऱ्याच्या पिठात अख्खं पान बुडवून तळलेली भजी अप्रतिम लागतात आणि पचनाला हलकी असल्याची समजूत आहे. पीठ डाळीचं, वर तळण. स्निग्ध पदार्थ जठर रिकामं व्हायला वेळ लावतात. एका पानाने त्याची भरपाई होईल अशी अपेक्षा करणं हा त्या पानावर अन्याय आहे. भजी चवीसाठी खावीत, औषध म्हणून नव्हे.

सगळ्यांना हे पान चालतं असंही नाही. ज्यांना छातीत जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येतं, त्यांना उग्र पानांनी त्रास वाढू शकतो. पुदिन्याच्या तेलाबद्दल हे चांगलं माहीत आहे. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायूही ते सैल करतं आणि आम्ल वर चढतं. गरोदर बाईने जेवणातल्या चवीपुरती पानं खायला हरकत नसावी, पण रोजचे काढे आणि तेल टाळावं. तान्ह्या बाळाला पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच द्यायचं नाही, त्यात ओव्याचं पाणीही आलं. ओव्याच्या पुरचुंडीने बाळाचं पोट शेकायची पद्धत आहे. ती करायचीच तर आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला पुरचुंडी लावून पाहावी, कारण बाळाची कातडी आपल्यापेक्षा लवकर भाजते.

आणि काही वेळा कुंडीकडे जायचंच नसतं. शौचातून रक्त पडणं, शौच डांबरासारखं काळं होणं, कारण नसताना वजन उतरणं, गिळताना अडकणं, वारंवार उलट्या, पोटदुखीबरोबर ताप, बेंबीशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकत गेलेली कळ, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली पोटाची तक्रार. यांतलं काहीही असलं तर डॉक्टर गाठावा. जठरातल्या व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असू शकतो, हे दाखवणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. अशा जिवाणूवर ठरावीक दिवसांचा औषधांचा कोर्स लागतो. तो पानाने जात नाही, आणि रोज सकाळी दुकानातून आणलेली आम्ल कमी करणारी गोळी गिळूनही जात नाही.

यांतलं सर्वात घातक दुखणं पोटाचं नसतंच. ‘काही नाही, गॅस धरलाय’ असं म्हणत ओव्याचं पाणी पिऊन आडवं होणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात हृदयविकाराचा झटका आलेला असू शकतो. हृदयाच्या खालच्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला की दुखणं छातीऐवजी पोटाच्या वरच्या भागात, काळजाखाली जाणवू शकतं. मळमळ होते, ढेकर येतात. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये अशी फसवी लक्षणं जास्त दिसतात. दुखण्याबरोबर दरदरून घाम आला, दम लागला, जबडा, पाठ किंवा डावा हात भरून आला, तर ओवा, सोडा, लिंबू काही न देता ताबडतोब १०८ ला फोन करावा. ईसीजी काढायला काही मिनिटं लागतात. दुधनीसारख्या गावातून सोलापूर किंवा कलबुर्गीचं मोठं रुग्णालय गाठायलाच बराच वेळ जातो. त्यात ‘जरा वाट पाहू’चा तास मिळवू नये.

राहिलं झाड लावणं. पानओवा सहसा नर्सरीतून आणावा लागत नाही, शेजारी मागितला जातो. त्याला फुलं क्वचित येतात, बी तर जवळपास धरतच नाही, त्यामुळे तो फांदीनेच पसरतो. वीतभर लांबीची, कोवळी पण लुसलुशीत नसलेली फांदी डोळ्याखाली कापावी, खालची पानं काढावीत आणि काप सुकेपर्यंत सावलीत एक दिवस राहू द्यावी. लगेच लावली तर कापाशी कुजते. सोलापूरकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि या रसदार झाडाला नेमकं तेच सोसत नाही. म्हणून कुंडीत निम्मी माती, उरलेल्यात वाळू आणि चाळलेलं शेणखत घ्यावं, तळाच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवावा. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली फांदी दोन-तीन आठवड्यांत मूळ धरते. बोट घालून वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्यावं.

एप्रिल-मेमध्ये इकडे पारा चाळीशीच्या वर जातो. तेव्हा कुंडी सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारचं टळेल अशा पूर्वेच्या भिंतीला सरकवावी. फार सावलीत ठेवली तर पानं मोठी, फिकी होतात आणि वास उतरतो. थोडं ऊन आणि थोडी तहान सोसलेल्या झाडाचं पान लहान पण जास्त झणझणीत निघतं. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. कीटकनाशक मारू नये, ती पानं आपल्याला खायची आहेत. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून काढावेत आणि फार झाले तर फांदीच छाटून टाकावी. शेंडे खुडत राहिलं की बाजूने फुटवे येतात आणि झाड डेरेदार होतं. न खुडलेलं झाड लांबोडकं होऊन कुंडीबाहेर लोंबतं. दोनेक वर्षांत बुंधा लाकडासारखा होतो आणि पानं कमी येतात. तेव्हा त्याच्याच शेंड्याची नवी फांदी लावावी आणि जुनं झाड उपटून टाकावं.